पंचाहत्तर तांबे

"मावशी, तुम्ही खुर्चीत बसून काय करून राहिल्या? पाणी कोण आणणार?"

हे मुख्याध्यापक माइकवर बोलले नव्हते. त्यांच्या आवाजाला माइक लागत नसे. औशातल्या आमच्या शाळेच्या मैदानावर मंडप घातला होता. मंडपात पालकांसाठी खुर्च्या होत्या. तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीत माझी माय बसली होती. ती त्याच शाळेत शिपाईकाम करायची. घंटा, झाडलोट, पाण्याची टाकी, मुताऱ्या. सगळी शाळा तिला मावशी म्हणायची. तिचं नाव मी सोडून कुणाला माहीत होतं की नाही, शंका आहे.

माय उठली. खुर्चीचा आवाजही झाला नाही. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी मागं वळून पाहिलं आणि पदर सावरले. एक माणूस हसला. फार नाही, थोडंसं. जेवढं हसून माणूस सभ्य राहू शकतो तेवढं.

चूक माझी होती. मी पाचवीत होते आणि नोटीस मीच तिला वाचून दाखवली होती. 'सर्व पालकांनी पाद्यपूजन सोहळ्यास सकाळी नऊ वाजता उपस्थित राहावे.' मुलांनी आईवडिलांचे पाय परातीत धुवायचे, रुमालानं पुसायचे, कुंकू लावायचं आणि पायांवर डोकं टेकवायचं, असा तो सोहळा. मायला वाचता येत नव्हतं. तिनं दोनदा विचारलं.

"सर्व म्हंजी आपण बी?"

"हाव. तू माझी पालक हाईस की."

दहा वर्षांच्या पोरीचा छापील कागदावर फार विश्वास असतो. मायनं माझ्यावर विश्वास ठेवला. आदल्या संध्याकाळी तिनं दगडानं टाचा घासल्या. भेगांत तेल भरलं. शेजारणीची जांभळी साडी मागून आणली. सकाळी जाताना ती वाटेतल्या चिखलातून पाय उचलून उचलून टाकत होती. मी तिला तसं चालताना त्याआधी पाहिलं नव्हतं. नंतरही नाही.

तर ती उठली, जांभळ्या साडीचा पदर खोचला आणि टाकीवरून बादल्या आणायला लागली.

माझा नंबर आला तेव्हा माझ्यापुढची खुर्ची रिकामी होती. बाप मी लहान असतानाच गेला होता. मुख्याध्यापकांनी मला दंडाला धरून व्यासपीठावर नेलं. तिथं संस्थेचे संस्थापक दादासाहेब बसले होते. फेटा, उपरणं, गळ्यात तीन हार. चौथा कुणाच्या तरी हातात वाट पाहत होता.

"हिचं कुणी न्हाई आलेलं," मुख्याध्यापक म्हणाले. "ही तुमचे धुईल."

हिचं कुणी नाही आलेलं. माय चार हातांवर उभी होती. परातीत पाणी ओतायला तीच वाकली होती.

मी दादासाहेबांचे पाय धुतले. ते स्वच्छ होते. गोरे, मऊ, पावडरचा वास येणारे. धुण्यासारखं त्यांच्यावर काही नव्हतं. त्यांच्या घरी मायनं भरलेली घागर कुणी तोंडाला लावत नसे, ते पाणी झाडांना जायचं. आमच्या हातचं पाणी त्यांच्या तोंडाला चालत नव्हतं, पायांना चालत होतं. हे मला तेव्हा सुचलं असतं तर मी फार हुशार मूल ठरले असते. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की माय बादलीशेजारी उभी राहून डोळ्यांनी खूण करते आहे. खाली. अजून खाली. मी कपाळ पायांना टेकवलं. फोटो निघाला.

"गुणी हाय पोरगी," दादासाहेब म्हणाले. "संस्कार हायेत."

टाळ्या झाल्या.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घरी एक गोष्ट केली. मायनं सैपाकासाठी चूल पेटवली होती. मी पितळी तांब्या भरला, जेवायचं ताट तिच्यापुढं ठेवलं आणि म्हटलं, पाय दे. ती समजली नाही. मग समजली. तिनं पाय लुगड्याखाली ओढले आणि माझ्या कानाखाली वाजवली.

"येडी झालीस का गं? दादासाहेबांचे धुतले त्याच हातानं माझे धुतीस? कुणी बघितलं तर काय म्हणतील?"

बघायला घरात कुणी नव्हतं. तरी तिनं दाराकडं पाहिलं.

शाळेतलं मी सहन केलं होतं. हे नाही झालं. कारण हे तिचं खरं मत होतं. कुणी धाकानं बोलायला लावलेलं नव्हतं. तिच्या आईनं तिला असंच वाढवलं होतं, आणि ती मला वाढवत होती. चुलीपुढं, प्रेमानं, भाकरी थापता थापता.

तो फोटो शाळेच्या व्हरांड्यात लागला. खाली एकच शब्द होता. संस्कार. पाच वर्षं मी रोज त्याखालून वर्गात गेले. फोटोत माझं तोंड दिसत नाही, केसांचा भांग दिसतो. तरी पाहुणे आले की मला बोलावून फोटोशेजारी उभं करत. मी उभी राहत असे. त्याचे फायदे होते. गणवेश मिळायचा, पुस्तकं मिळायची, शिक्षक माझ्या पाठीवर हात फिरवायचे. मान खाली घालण्याची कला एकदा आली की ती फार उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे. मी त्या कलेत पहिली येत असे. इतर विषयांत दुसरी, तिसरी.

पुढं नांदेडला अध्यापक विद्यालयात गेले. तिथं बालविकास नावाचा विषय होता. पुस्तकात एक आकृती होती. मधोमध बालक, त्याच्याभोवती एकाबाहेर एक तीन वर्तुळं. कुटुंब, समाज, संस्कृती. आमच्या बाई सांगायच्या, ही वर्तुळं बालकाला घडवतात. वर्तुळं फार सुबक होती, कंपासनं काढलेली. बालकाला हात होते, पाय होते, तोंडाच्या जागी एक ठिपका. मी परीक्षेत ती आकृती काढली, खाली दीड पान लिहिलं. दहापैकी नऊ गुण मिळाले. उत्तरात जांभळी साडी कुठंही आली नव्हती.

नांदेडच्या ग्रंथालयात मी बरंच वाचलं. आमच्यासारख्यांनी लिहिलेलंही वाचलं. वाचून रात्रभर झोप येत नाही वगैरे लोक सांगतात. मला झोप येत असे. पुस्तकातला राग पुस्तकात राहायचा. सुट्टीत औशाला गेले की मी दादासाहेबांच्या पाया पडून येत असे. मायनं सांगितलेलं असायचं.

म्हणून मला नोकरी लागली. संस्थेनं लातूरला इंग्रजी शाळा काढली होती आणि दादासाहेबांना आपल्याच घरातलं माणूस हवं होतं. हे त्यांचे शब्द. प्रत्येक कार्यक्रमात ते मला उभं करायचे. "ही आमच्या मावशीची पोरगी." मग टाळ्या. मी नमस्कार करायची. वय एकतीस.

यंदाच्या हिवाळ्यात त्यांचा अमृतमहोत्सव आला. पंचाहत्तर वर्षं. लातूरमध्ये अमृतमहोत्सव साधेपणानं करायचा ठरला की चार कमानी लागतात. हा साधेपणानं करायचा नव्हता. समित्या नेमल्या. स्वागत समिती, फेटा समिती, गौरवग्रंथ समिती. गौरवग्रंथात दादासाहेबांवर साठ लेख होते, त्यांतले निम्मे एकाच गुरुजींनी वेगवेगळ्या नावांनी लिहिले होते. आत एक पूर्ण पान माझ्या भांगाला दिलं होतं.

बैठकीत मुख्य कल्पना कुणीतरी मांडली. पंचाहत्तर वर्षं, तर पंचाहत्तर मुलांनी दादासाहेबांचे पाय धुवायचे. पंचाहत्तर तांबे. लातूरच्या बाजारातून एकसारखे आणायचे. सगळ्यांना कल्पना फार आवडली. मलाही काही वाटलं नाही, हे नोंदवून ठेवते.

बैठक संपल्यावर मुख्याध्यापिका मॅडमनी मला थांबवलं.

"मुलांची यादी तुम्ही करा. तुमचं अक्षर चांगलं हाय."

"कोणती मुलं घेऊ?"

"होस्टेलची अन् वस्तीवरची घ्या. ज्यांचे आईबाप ऊसतोडीला गेलेत ती घ्या. बाकीच्यांचे पालक कार्यक्रमाला येणार. उगी कुणी काही बोलायला नको."

मी यादी केली. शिक्षण हक्काच्या जागांवर आलेली, होस्टेलवर राहणारी, आजीकडं ठेवलेली. पंचाहत्तर नावं, सुवाच्य अक्षरात, अनुक्रमांक घालून. लिहून झाल्यावर एकदा तपासली. आडनावं वाचत खाली आले आणि हात थांबला. ती आडनावं मला पाठ होती. औशात, देवणीत, जिथं जिथं आमचे पाहुणे आहेत तिथल्या एका बाजूच्या वस्तीची ती आडनावं होती. आमच्या वस्त्यांना आता थोर माणसांची नावं दिली आहेत. बोलताना लोक जुनंच नाव घेतात. दुसऱ्या बाजूचं एकही आडनाव यादीत नव्हतं. कुणी तसं ठरवलं नव्हतं. ठरवावं लागलं नव्हतं. माझ्या हातानं ते आपोआप झालं होतं.

तरीही मी ती यादी दिली.

तीन दिवसांनी रंगीत तालीम होती. मैदानात एक रिकामी खुर्ची ठेवली होती, तिच्यापुढं परात. मुलं रांगेत. पीटीचे सर शिट्टी घेऊन उभे. पहिली शिट्टी, गुडघे टेकायचे. दुसरी, पाणी ओतायचं. तिसरी, पुसायचं. चौथी, डोकं. खुर्चीत कुणी नव्हतं. मुलं हवेचे पाय धूत होती. पाणी परातीत पडत होतं आणि डोकी खुर्चीच्या कडेवर टेकत होती. कडेला उभे राहून दोन शिक्षक हसत होते. पोरांना गंमत वाटत होती.

माझ्या वर्गातली बारा मुलं त्या रांगेत होती. त्यांत शीतल. वय दहा. आईबाप कर्नाटकात ऊस तोडायला गेलेले, ती आजीजवळ. वर्गात फार प्रश्न विचारणारी. पाऊण तास मी शिकवते त्यातली पंधरा मिनिटं तिला लागतात. रांगेत उभी असताना तिनं मला विचारलं.

"मॅडम, दादासाहेबांचे पाय घाण हायेत का?"

"न्हाई."

"मग?"

मी तिला रांगेत सरळ उभं केलं.  मग तिचा नंबर आला. ती खुर्चीपुढं गेली आणि पीटीच्या सरांनी शिट्टी तोंडाला लावायच्या आधीच गुडघ्यांवर बसली. पाणी ओतलं. पुसलं. डोकं टेकवलं. एकही शिट्टी वाजली नव्हती. सर खूश झाले.

"हे बघा, असं पायजे. हिला शिकवावं लागलं न्हाई."

शीतलनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. शाबासकीसाठी. तेव्हा मला उमगलं की माझी मान आपोआप खाली झाली होती. मी तिला खूण करत होते. डोळ्यांनी. अजून खाली.

 ओरडावंसं वगैरे वाटलं नाही. फक्त भीती वाटली, आपल्याच अंगात दुसरं कुणी तरी राहतंय हे दिसल्यावर वाटते तशी. वीस वर्षं मी समजत होते की माझ्यावर एक गोष्ट झाली आणि ती संपली. ती संपली नव्हती. नोकरीला लागली होती, आणि तिचं अक्षर चांगलं होतं.

मी रांगेकडं गेले. म्हटलं, "पाचवीची मुलं वर्गात चला."

"अहो मॅडम, तालीम चालू हाय," पीटीचे सर म्हणाले.

"माझ्या वर्गातलं कुणी धुणार न्हाई."

मुलं वर्गात आली. कुरकुरत आली.

दुसऱ्या दिवशी दादासाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. त्यांचा आवाज पूर्वीपेक्षा मऊ झाला आहे. वयानं होतो. त्यांनी चहा मागवला. त्यांचा कपबशीत आला, माझा कागदी कपात. हल्ली स्वच्छतेचं लोकांना फार कळतं.

"काय झालं पोरी?"

"मुलांना पाय धुवायला लावू नका, दादासाहेब."

"लावतंय कोण? पोरं खुशीनं करून राहिली. तू तर सोताच्या हातानं धुतलेस की."

"हाव."

"मग? काय वाईट झालं तुझं? मास्तरीण झालीस. औशात मुताऱ्या धूत असतीस."

याला उत्तर देणं अवघड होतं, कारण त्यातलं बरंच खरं होतं. त्यांना वाटत होतं मी त्या फोटोमुळं इथवर आले. सगळ्या संस्थेला तसं वाटत होतं. मलाही वाटत होतं. मी म्हटलं, "त्या दिवशी माझी माय खुर्चीत बसली होती. तिला उठवून पाणी आणायला लावलं. अन् माझं कुणी आलं न्हाई म्हणून मला तुमच्याकडं आणलं."

त्यांनी आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं. त्यांना आठवलं नाही.

"मावशी खुर्चीत? कशाला?"

बस्स. त्यांनी वाईट हेतूनं विचारलं नाही. त्यांना खरोखर प्रश्न पडला होता.

मी उठले. दारापर्यंत आले तेव्हा ते म्हणाले, "मावशी अजून हाय ना आपल्या औशाच्या शाळेत?"

"हाय."

"तिला सांग, मला येऊन भेट म्हणावं." आणि चहाचा घोट घेतला. "बघू."

'बघू' हा शब्द आमच्याकडं मोठी माणसं वापरतात. त्याच्यापुढं काही बोलायचं नसतं.

माय रविवारी एसटीनं लातूरला आली. माझ्या खोलीत खाली बसली. खुर्ची दिली तर बसली नाही. तिला निरोप पोचला होता. नवीन वर्षापासून औशाच्या शाळेत तिच्या जागी दुसरी बाई बघणार होते.

"माफी माग," ती म्हणाली. "पाया पड त्यांच्या. माझ्यासाठी पड."

"न्हाई पडणार."

"तुझं काय जातंय? डोकं टेकवायला काय लागतंय?"

"माय, त्या दिवशी तुला उठवलं तेव्हा तुला काय वाटलं?"

ती बराच वेळ पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता ती बोलेल. वीस वर्षं आत ठेवलेलं काहीतरी काढेल. पुस्तकांत असं होतं.

"मला बसायचंच नव्हतं," ती म्हणाली. "तू वाच वाच वाचलंस म्हणून बसले. शेजारणीच्या साडीला चिखल लागला. ती महिनाभर बोलत नव्हती माझ्याशी. तुझ्या वाचण्यानं मला तेव्हा बी उठवलं अन् आता बी उठवून राहिलीस."

मी ताट वाढलं. ती जेवली नाही. संध्याकाळच्या गाडीनं गेली. अजून माझा फोन उचलत नाही.

अमृतमहोत्सव झाला. कमानी चार नाही, सहा लागल्या. माझ्या वर्गातल्या बारा मुलांच्या जागी सहावीतून बारा घेतली. ती यादी कुणीतरी दुसऱ्यानं केली असणार. त्याला एक संध्याकाळ पुरली असेल. मी खिडकी लावून वर्गात अपूर्णांक शिकवले. लाउडस्पीकरवर आकडे मोजत होते. पंचाहत्तरावा झाला तेव्हा फटाके वाजले. कुणी म्हणेल, मग तू काय केलंस? काही फार नाही. बारा.

त्या बारांतलं एक माझ्यावर चिडलं आहे. शीतलला नवा फ्रॉक घेतला होता. स्टेजवर जायला मिळणार होतं, फोटो येणार होता, आणि तो मी घालवला. तिनं हे मला बाकावरून उठून, सगळ्यांसमोर सांगितलं.

"मॅडम, तुम्ही माझं वाटोळं केलं."

हा शब्द तिनं आजीकडून उचलला असावा. मी म्हटलं, "बरं. कारण विचार."

"कशामुळं केलं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, मायचं, खुर्चीचं, माझ्या डोक्याचं. दहा वर्षांच्या मुलांना कळेल अशा शब्दांत. तिला पटलं नाही. ती उद्या पुन्हा विचारेल. मी पुन्हा सांगेन.

सोमवारी संस्थेचं पत्र आलं. वरिष्ठांच्या आदेशाचा भंग, तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. सहकारी म्हणाले, गैरसमज झाला असं लिहा, तब्येत बरी नव्हती लिहा, दोन ओळींत मिटेल. मला असल्या ओळी लिहिता येतात. आयुष्यभर त्याच लिहिल्या.

खुलासा मी शाळेतच बसून लिहिला. गैरसमज झालेला नाही. आदेश मला समजला होता आणि मी तो मोडला. त्याआधी मी स्वतः पंचाहत्तर मुलांची यादी केली होती, माझा गुन्हा तो आहे, त्याबद्दल जी शिक्षा असेल ती द्यावी. माझ्या आईला या प्रकरणात कामावरून काढायचं ठरवलं आहे, तिचा काही संबंध नाही, हे मी शिक्षणाधिकाऱ्यांनाही लेखी कळवत आहे. यापुढे कोणत्याही मुलाला कोणाच्याही पायांशी बसवण्यासाठी माझ्याकडून नाव मागू नये. मी देणार नाही, आणि दुसऱ्या कुणी दिलं तर त्या मुलाच्या घरी जाऊन सांगेन.

मुख्याध्यापिका मॅडमनी वाचला. म्हणाल्या, "हे असं पाठवू का? विचार करा. नोकरी जाईल."

मी म्हटलं, "पाठवा. पोच द्या."